मूल भाजलं तर: मोरीपासून कॅज्युअल्टीपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कॅज्युअल्टीच्या दारात, ड्रेसिंगच्या टेबलापाशी आणि रात्री-बेरात्री व्हॉट्सॲपवर येत राहतात. बहुतेक आईबापांचे, काही आजीआजोबांचे, दोन-चार तर फॅमिली डॉक्टरांचेही. उत्तरं मुंबईतली घरं, इथलं पाणी आणि इथली हॉस्पिटलं डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. मूल आत्ताच भाजलं असेल तर फक्त पहिला प्रश्न वाचा आणि नळ सोडा. बाकीचं नंतर.

१. बाळाच्या अंगावर गरम चहा सांडलाय. आधी पाणी ओतू की सरळ हॉस्पिटलला पळू?

आधी पाणी. भाजलेला भाग वाहत्या नळाखाली पूर्ण २० मिनिटं धरा, घड्याळ बघून. पाणी सुरू असतानाच कपडे काढा: टी-शर्ट, आतलं बनियन आणि डायपरसुद्धा. गरम चहा कपड्यात मुरून राहतो आणि वरून पाणी ओतलं तरी आत भाजत राहतं. बांगड्या, वाळे, करदोटा, मनगटातला काळा दोरा लगेच काढा किंवा कापा, कारण सूज चढली की ते रुततात. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढू नका, भोवतीचं तेवढं कापून घ्या.

ही २० मिनिटं फार लांब वाटतात. मूल किंचाळत असतं, शेजारचे दारात उभे राहून ‘अहो, निघा आधी’ म्हणत असतात. तरी थांबा. कातडी किती खोल जळणार हे या वेळात बरंचसं ठरतं आणि कॅज्युअल्टीत आम्ही दिलेलं कुठलंही औषध त्याची जागा घेत नाही. तेव्हा जमलं नसेल तर भाजल्यापासून ३ तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो, म्हणून उशिरा आलेल्या मुलालाही आम्ही आधी सिंकपाशीच नेतो.

पाणी झालं की धुतलेलं सुती कापड किंवा स्वयंपाकघरातली पारदर्शक क्लिंग फिल्म जखमेवर नुसती ठेवा, गुंडाळून आवळू नका. बाकीचं अंग कोरडं करून पांघरुणात घ्या आणि निघा. मूल गुंगीत असेल, श्वासाला त्रास होत असेल किंवा बरंच अंग भाजलं असेल, तर एकाने पाणी ओतायचं आणि दुसऱ्याने त्याच वेळी १०८ ला फोन करायचा.

२. आमच्याकडे नळाला सकाळी तासभरच पाणी येतं. वाहतं पाणी आणायचं कुठून?

पिंपातलं घ्या. मुलाला मोरीत बसवा आणि तांब्याने हळूहळू, न थांबता ओतत राहा. पाणी फारच कमी असेल तर धुतलेला पंचा भिजवून भाजलेल्या जागेवर ठेवा आणि दर मिनिटा-दोन मिनिटांनी पुन्हा गार पाण्यात बुडवून घ्या. तसाच ठेवला तर तो अंगाच्या उष्णतेने कोमट होतो आणि उपयोग संपतो. पिण्याच्या पाण्याचा जार असेल तर तोही फोडा, ही काटकसरीची वेळ नाही.

मे महिन्यात वेगळीच अडचण येते. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी नळातून चक्क गरम येतं. थोडं वाहू देऊनही गार होत नसेल तर माठातलं पाणी घ्या. पाणी हाताला गार लागलं पाहिजे, पण झोंबता कामा नये.

३. मग बर्फ जास्त चांगला नाही का?

नाही. बर्फाने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आधीच जखमी झालेल्या भागाला रक्त कमी मिळतं आणि इजा वाढते. शिवाय तान्ही बाळं पटकन गारठतात. गार पाण्यानेही मूल कुडकुडायला लागलं, ओठ निळसर दिसले किंवा ते मलूल झालं, तर २० मिनिटं पुरी व्हायच्या आत पाणी थांबवून त्याला कोरड्यात घ्या.

४. हळद, टूथपेस्ट, कोरफड, डोशाचं पीठ, बटाट्याचा कीस… यातलं काय चालतं?

यातलं काहीच नाही. तूप आणि शाईसुद्धा नाही. घरोघरी हे प्रेमापोटी होतं हे मान्य, पण त्याचे परिणाम ड्रेसिंग रूममध्ये बघावे लागतात. वाळलेली टूथपेस्ट ओल्या जखमेवरून खरवडून काढावी लागते तेव्हा मूल दुसऱ्यांदा भाजल्यासारखं ओरडतं. हळदीचा पिवळा रंग धुऊनही पूर्ण जात नाही आणि खालची कातडी गुलाबी आहे की पांढरी, हेच कळेनासं होतं. जखमेचा रंग आम्हाला का हवा असतो ते प्रश्न ११ मध्ये आहे.

लावून झालंच असेल तर लपवू नका. काय लावलं ते सांगा, आम्ही साफ करतो.

५. किती भाजलं की हॉस्पिटल गाठायचं? प्रत्येक चटक्याला धावायचं का?

नाही. तव्याचा छोटासा चटका, नुसती लाली, फोड नाही, मूल अर्ध्या तासात खेळायला लागलं, तर घरी बघता येतं.

पण भाजलेली जागा मुलाच्या स्वतःच्या तळहाताएवढी किंवा मोठी असेल तर दाखवा. चेहरा, हात, पाऊल, लघवीची जागा किंवा सांधा भाजला असेल तर आकार न बघता दाखवा. मूल वर्षाच्या आतलं असेल, भाजणं हाताला किंवा पायाला गोल वेढून असेल, किंवा विजेने, रसायनाने, धुराच्या खोलीत भाजलं असेल तरीही तेच. जागा पांढरी, तपकिरी किंवा चामड्यासारखी दिसत असेल आणि मुलाला तिथे दुखत नसेल, तर ‘रडत नाही म्हणजे बरं आहे’ असं समजू नका. तिथल्या संवेदनेच्या नसाच जळालेल्या असतात.

लहान दिसून फसवणारे दोन चटके मुंबईत फार दिसतात: पोटरीवरचा बाइकच्या सायलेन्सरचा आणि तळहातावरचा इस्त्रीचा. दोन्ही आकाराने रुपयाएवढे असले तरी खोल असू शकतात. तळहाताचा चटका नीट सांभाळला नाही तर बोटं आखडतात.

६. मुंबईत न्यायचं कुठे? आणि खर्चाचं काय?

जिथे रात्री बालरोगतज्ज्ञ हजर असतो अशा जवळच्या कॅज्युअल्टीत आधी. परळचं वाडिया हे मुलांचंच हॉस्पिटल आहे. केईएम, सायन आणि नायर ही पालिकेची मोठी हॉस्पिटलं. चिंचपोकळीच्या कस्तुरबात भाजलेल्यांसाठी वेगळा विभाग आहे, तसाच भायखळ्याच्या मसीनात आणि ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही. पण बर्न्सचे बिछाने मोजके असतात. श्वासाचा त्रास असलेलं मूल घेऊन दहिसरहून थेट ऐरोलीला निघण्यापेक्षा जवळ स्थिर करून, समोरच्या विभागाशी डॉक्टरने डॉक्टरशी बोलून हलवणं चांगलं.

उपनगरातून परळ-भायखळ्याकडे रिक्षाने निघू नका. रिक्षा सायन-माहीमच्या पुढे शहरात येत नाही आणि कडेवर भाजलेलं मूल घेऊन तिथे टॅक्सी शोधत उभं राहावं लागतं.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्यांच्या उपचारांचा समावेश आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा. पण हे मूल आत गेल्यावर. केसपेपरच्या रांगेत घरातल्या एकाने उभं राहायचं, मुलाला कडेवर घेऊन नाही.

७. पोरगी छातीवर भाजली होती. डॉक्टर जखम सोडून नाकातोंडात बॅटरी मारून बघत बसले. असं का?

कारण भाजलेल्या मुलाला पहिल्या तासात धोका असतो तो श्वासाचा, जखमेचा नाही. नाकाच्या आत काजळी आहे का, आवाज घोगरा झालाय का, श्वास घेताना घरघर येते का, हे आधी. मुलांची श्वासनलिका अरुंद असते, थोडी सूज आली तरी रस्ता बंद होऊ शकतो. मग नाडी, हातापायांची ऊब, रक्तातली साखर. आणि भाजण्याच्या गडबडीत दुसरं काही लागलंय का: ओट्यावरून पातेलं ओढताना मूल पडलंही असू शकतं. एवढं बघून झालं की जखम. हे सगळं होताना दुखण्याचं औषध थांबता कामा नये, ते प्रश्न १० मध्ये.

८. एका डॉक्टरने १८ टक्के सांगितलं, दुसऱ्याने ९. खरं कुणाचं?

दोघांनी वेगळ्या पद्धतीने मोजलं असावं. नुसती लाल झालेली, फोड न आलेली कातडी टक्केवारीत धरायची नसते. ती धरली की आकडा सहज दुप्पट होतो.

दुसरी गफलत मोठ्या माणसाचा तक्ता मुलाला लावण्याची. मोठ्यांचं डोकं-मान मिळून शरीराच्या पृष्ठभागाचे ९ टक्के धरतात, वर्षाच्या आतल्या बाळाचं १८. उलट पाय मोठ्याचा १८, बाळाचा १४. म्हणून मुलांसाठी लुंड-ब्राउडर तक्ता वापरतात, त्यात प्रत्येक वयाचा आकडा वेगळा आहे. विखुरलेल्या शिंतोड्यांसाठी सोपं माप म्हणजे बोटांसकट मुलाचा तळहात, साधारण १ टक्का. मुलाचाच, डॉक्टरचा नव्हे.

आकड्यावर एवढं अडून का बसायचं, हे पुढच्या उत्तरात कळेल.

९. सलाईन कधी लावतात? आणि भाजल्याची वेळ पुन्हा पुन्हा का विचारतात?

मुलांमध्ये साधारण १० टक्क्यांच्या वर भाजलं की शिरेतून पाणी द्यावं लागतं. भाजलेल्या भागातल्या रक्तवाहिन्या पाझरू लागतात, पाणी रक्तातून बाहेर जातं आणि काही तासांत मूल शॉकमध्ये जाऊ शकतं, म्हणजे अवयवांना रक्त पुरेनासं होतं. वरून ते ठीक दिसत असतं. मुलांचा रक्तदाब शेवटपर्यंत टिकतो आणि मग एकदम कोसळतो.

हिशेब असा. १२ किलोचं मूल, १५ टक्के भाजलेलं. दर किलोमागे, दर टक्क्यामागे ३ मिली रिंगर लॅक्टेट (क्षार असलेलं सलाईन): ३ × १२ × १५ = ५४० मिली, २४ तासांत. त्यातलं अर्धं, म्हणजे २७० मिली, पहिल्या ८ तासांत. हे ८ तास *भाजल्यापासून* मोजतात, हॉस्पिटलात आल्यापासून नाही. मूल २ तासांनी आलं असेल तर उरलेल्या ६ तासांत २७०, म्हणजे ताशी ४५ मिली. लहान मुलांना याशिवाय रोजच्या गरजेचं साखरेसह सलाईन वेगळं, १२ किलोला ताशी ४४ मिलीच्या आसपास.

म्हणून वेळेवर अडून बसतो. ‘दुपारी कधीतरी’ यावरून काहीच ठरत नाही. आठवत नसेल तर मोबाईल उघडा. सांडल्यावर पहिला फोन कोणाला केला, त्याची वेळ तिथे असते.

सूत्र ही फक्त सुरुवात. पुढचा वेग लघवीवरून ठरतो: दर किलोमागे ताशी १ मिलीच्या आसपास हवी, या मुलाला १२ मिली. कमी तर सलाईन वाढवायचं, जास्त तर कमी करायचं, कारण जादा पाण्यानेही सूज वाढते. फॅमिली डॉक्टरांना एकच विनंती: मोठ्या भाजण्यात नुसतं ग्लुकोजचं सलाईन जोरात सोडून पाठवू नका, आणि घरच्यांनीही मुलाला तांब्याभर साधं पाणी पाजू नये. रक्तातलं मीठ उतरून झटके येऊ शकतात.

१०. ‘मूल रडतंय म्हणजे चांगलं आहे’ म्हणतात. दुखण्याचं औषध लगेच मागितलं तर चालेल का?

मागाच. रडणाऱ्या मुलाचा श्वास मोकळा आहे एवढाच त्या वाक्याचा अर्थ, दुखणं सोसू द्यावं असा नाही. माझं मत यात ठाम आहे: औषध न देता ड्रेसिंगला हात लावणं चुकीचं आहे, आणि ‘दोन मिनिटांचं काम आहे, धरा घट्ट’ ही पद्धत बंद व्हायला हवी.

सुई टोचायच्या आधीच नाकात फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाचा फवारा देता येतो, दर किलोमागे दीड मायक्रोग्रॅम, काही मिनिटांत गुण येतो. शीर मिळाल्यावर मॉर्फिन. मोठ्या ड्रेसिंगसाठी केटामाइन हे भुलीचं औषध, पण ते मॉनिटर लावून आणि भूल हाताळणारा माणूस जवळ असतानाच. म्हणून मूल शेवटचं कधी जेवलं हे विचारतात.

घरी पॅरासिटामॉल: दर किलोमागे १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारदाच. बाटलीवरचा आकडा वाचा. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम लागतात. ५ मिलीत १२० असलेल्या सिरपचे ते साडेसात मिली होतात, ५ मिलीत २५० असलेल्याचे ३.६ मिली. बाटल्या शेजारी ठेवल्या तर रंगही सारखाच दिसतो.

११. भाजणं वरवरचं आहे की खोल, पहिल्या दिवशी कुणी नीट का सांगत नाही?

कारण पहिल्या दिवशी ते पक्कं ठरलेलंच नसतं. भाजलेली कातडी दोन-तीन दिवस बदलत राहते. आज गुलाबी दिसणारा भाग परवा पांढरट होऊ शकतो.

ढोबळ खुणा आहेत. लाल, कोरडी, फोड नाही: आठवड्याच्या आत जाते. ओली, गुलाबी, फोड आलेली, बोटाने दाबल्यावर पांढरी होऊन लगेच पुन्हा गुलाबी, हात लावू न देणारी: साधारण दोन आठवडे. लाल-पांढरी चितकबरी, दाबल्यावर रंग हळू परतणारा किंवा न परतणारा: तीन आठवड्यांच्या वर, आणि कातडी लावावी लागण्याची शक्यता. पांढरी, तपकिरी, चामड्यासारखी, न दुखणारी: पूर्ण खोल. आपल्या सावळ्या रंगावर साधी लाली चटकन दिसत नाही, म्हणून दाबून बघणं जास्त महत्त्वाचं.

तेव्हा ‘४८ ते ७२ तासांनी पुन्हा दाखवा’ ही टाळाटाळ नव्हे. पट्टी बांधण्याआधी जखमेचा फोटो तुमच्या मोबाईलवर काढून ठेवा. दुसरीकडे दाखवायची वेळ आली तर दर नव्या डॉक्टरसाठी पट्टी उघडावी लागत नाही. नुसत्या फोटोवरून निदान मात्र मागू नका, ट्यूबलाइटखाली सगळ्याच जखमा पांढऱ्या दिसतात.

१२. फोड फोडायचा की ठेवायचा?

घरी फोडायचा नाही. हॉस्पिटलात छोटे, घट्ट फोड ठेवतात. मोठे, सैल, सांध्यावरचे किंवा फुटलेले फोड साफ करतात, नाहीतर खाली किती खोल भाजलंय ते दिसत नाही. यावर डॉक्टरांमध्येही एकमत नाही, त्यामुळे दोन हॉस्पिटलांत दोन गोष्टी झाल्या तर लगेच कुणी चुकलं असं नाही.

१३. पांढरं मलम आणि अँटिबायोटिक का दिलं नाही? शेजारच्या मुलाला तर दोन्ही दिलं होतं.

पांढरं मलम म्हणजे बहुधा सिल्व्हर सल्फाडायझिन. ते वाईट औषध नाही, पण त्याचा पांढरट थर जखमेवर बसतो आणि खोली ओळखणं अवघड होतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला, सल्फाची ॲलर्जी असलेल्याला आणि जी६पीडी (रक्तपेशींतलं एक एन्झाइम) कमी असलेल्याला ते लावत नाहीत. मुलाला दुसऱ्या हॉस्पिटलात पाठवायचं असेल तर लावूच नये, स्वच्छ कापड पुरेसं. ओल्या, वरवरच्या जखमेवर कोलॅजेन किंवा न चिकटणारी पट्टी बसवली की रोज बदलण्याचा त्रासही वाचतो.

अँटिबायोटिक संसर्ग झाल्यावर. ताज्या जखमेला ‘खबरदारी’ म्हणून दिल्याने संसर्ग टळत नाही, दाद न देणारे जंतू मात्र तयार होतात.

१४. धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं का?

लसी वेळेवर झाल्या असतील तर बऱ्याचदा नाही. बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांना, पुढे १६ ते २४ महिन्यांत आणि ५-६ वर्षांना दिलेल्या डोसांत धनुर्वाताची लस असतेच. लसीच्या कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये असेल तर एक टोचणं वाचू शकतं.

१५. आमटी सांडली म्हणून गेलो तर पोलिसांना कळवलं. आमच्यावर संशय आहे का?

भाजलेल्या रुग्णाची हॉस्पिटलात मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, करतात. ती सरसकट पद्धत आहे, आरोप नाही. काय झालं ते जसं घडलं तसं सांगा. नोंद व्हायची आहे म्हणून उपचार अडवता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात हे स्पष्ट केलेलं आहे.

बहुतेक मुलं अपघातानेच भाजतात. दहा बाय बाराच्या खोलीत जमिनीवर स्टोव्ह, शेजारी रांगतं मूल, मग निष्काळजीपणा कुणाचा म्हणायचा? तरी काही खुणा आम्हाला बघाव्याच लागतात. दोन्ही पायांवर मोज्यासारखी सरळ कड आणि भोवती शिंतोडे नाहीत, एकाच मापाचे गोल डाग, दर वेळी बदलणारी हकिकत, किंवा मुलाच्या वयाला न जमणारी गोष्ट, म्हणजे चार महिन्यांच्या बाळाने ‘स्वतः पातेलं ओढलं’. उशीर झाला एवढ्यावरून कुणी गुन्हेगार ठरत नाही. रोजंदारी बुडेल म्हणून रात्र काढणारे आईबाप आम्ही बघतो.

१६. सर्दीसाठी वाफ देताना पातेलं उलटलं. मांड्या आणि खालचा भाग भाजलाय.

तात्काळ आणा, पाणी प्रश्न १ प्रमाणे. लघवीच्या जागेला सूज येऊन लघवी अडू शकते, म्हणून कधी नळी घालावी लागते आणि बहुधा दाखल करावं लागतं. मुलांच्या सर्दीवर वाफेचा फायदा सिद्ध झालेला नाही, भाजल्याच्या केसेस मात्र दर पावसाळ्यात येतात. मुलांना पातेल्याची वाफ देऊच नका.

अंघोळीच्या बादलीचंही तेच. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी सुमारे ५ सेकंदांत खोल भाजतं, मुलाची त्याहून लवकर. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. आणि पाणी तापवायचा रॉड बादलीत सोडून दार उघडं ठेवून जाऊ नका.

१७. छोटंसंच भाजलं होतं, घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी ताप आला. थांबू का?

भाजल्यावर एक-दोन दिवस हलका ताप संसर्गाशिवायही येतो. पण ३९ अंशांच्या आसपास ताप, अंगावर उन्हाने भाजल्यासारखी लाली, उलट्या-जुलाब आणि मूल मलूल, असं एकत्र दिसलं तर रात्र काढू नका. याला टॉक्सिक शॉक म्हणतात. जखमेवरच्या जंतूंच्या विषाने तो होतो, पहिल्या काही दिवसांत आणि पाच वर्षांखालच्या मुलांत जास्त. फसवणूक अशी की भाजणं अगदी थोडं असतं आणि जखम बघायला स्वच्छच दिसते. कॅज्युअल्टीत पोचल्यावर ‘परवा भाजलं होतं’ हे आधी सांगा, नाहीतर साधा व्हायरल किंवा गॅस्ट्रो समजला जातो.

१८. डाग राहील का? कातडी लावायची म्हणजे कोणाची?

दोन आठवड्यांत भरलेली जखम सहसा जाड वण ठेवत नाही. रंग फिका-गडद राहतो, तो परतायला महिने लागतात. तीन आठवड्यांहून जास्त लागले तर जाड वणाची शक्यता वाढते, म्हणून अशा जखमेवर वाट बघत बसण्यापेक्षा कातडी लावतात. ती मुलाच्याच मांडीवरून किंवा पाठीवरून घेतात. भाजणं फार मोठं असेल तर तात्पुरतं झाकण म्हणून त्वचा बँकेतली, मृत्यूनंतर दान केलेली त्वचा वापरतात. सायन हॉस्पिटल आणि ऐरोली इथे अशा बँका आहेत. दान मृत्यूनंतर ६ तासांच्या आत व्हावं लागतं.

भरलेल्या वणावर रोज खोबरेल तेलाने मालिश, ऊन टाळणं, सांगितलं असेल तर सिलिकॉन जेल आणि घट्ट कपडा. खाज प्रचंड सुटते, तिच्यासाठी औषध मागा. सांध्याजवळचा वण मूल वाढताना वाढत नाही, तो आखडतो. म्हणून दोन-तीन वर्षांनीही दाखवावं लागतं.

१९. आग विझली, मूल कुठेच भाजलं नाही, ऑक्सिमीटरवर ९९. तरी का ठेवून घेतलं?

बंद खोलीतल्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला तो आणि ऑक्सिजन यातला फरक कळत नाही, आकडा खोटा चांगला दिसतो. म्हणून मास्कने पूर्ण ऑक्सिजन देतात आणि रक्त तपासतात. घशाची सूजही काही तासांनी वाढते. आवाज बदलत असेल तर डॉक्टर श्वासाची नळी लवकर टाकतात, कारण नंतर ती जातच नाही.

२०. करंट लागला, बोटावर फक्त काळा ठिपका आहे. ईसीजी कशाला?

वीज आत शिरते तिथे ठिपका दिसतो, जळतं ते आतून. घरच्या २३० व्होल्टच्या झटक्यानंतर मूल शुद्धीवर असेल, काही त्रास नसेल आणि ईसीजी ठीक असेल तर बहुधा घरी सोडतात. लघवी चहासारखी काळपट झाली तर स्नायू जळाल्याची खूण, मग सलाईन जास्त लागतं.

चार्जरची वायर चावून ओठाचा कोपरा भाजला असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. आठवडा-दीड आठवड्याने खपली पडताना तिथली रक्तवाहिनी फुटून भळाभळा रक्त येऊ शकतं. ओठ आतून-बाहेरून चिमटीत घट्ट दाबा आणि तसेच या.

रेल्वेच्या ओव्हरहेड तारेत २५,००० व्होल्ट असतात. तिला शिवावं लागत नाही, जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते. संक्रांतीच्या दिवसांत पतंग काढायला डब्याच्या टपावर किंवा पुलाच्या कठड्यावर चढलेली मुलं अशीच भाजतात. प्रवाह बंद झाल्याची खात्री रेल्वेने दिल्याशिवाय मुलाजवळ जाऊ नका.

२१. आजोबांच्या तंबाखूची चुन्याची ट्यूब दाबली आणि चुना डोळ्यात उडाला.

हे भाजणंच आहे, आणि इथे प्रत्येक मिनिट मोजलं जातं. पापण्या बोटांनी उघडून धरा, डोकं एका बाजूला कलवा आणि नाकाकडून कानाकडे पाणी सोडत राहा, निदान अर्धा तास. मूल चादरीत गुंडाळून धरलं तर हे एकट्यालाही जमतं. तूप, दूध, गुलाबपाणी नको. कॅज्युअल्टीत बधिर करणारा थेंब टाकून सलाईनच्या नळीने डोळा लिटर-लिटर धुतात, पापणी उलटून आत अडकलेले कण काढतात आणि कागदी पट्टीने क्षार उतरलाय का बघतात. कण राहिला तर तो झिरपत राहतो. डोळ्यांचा डॉक्टर त्याच दिवशी हवा, सोमवारी नाही.

अंगावर कोरडी चुन्याची पूड पडली असेल तर आधी झटका, मग पाणी. बिब्ब्याचं तेल लागून फोड आले असतील तर साबण-पाण्याने धुवा आणि बिब्बा घातल्याचं सांगा. न सांगितल्यामुळे निदान चुकतं.

२२. संडास साफ करायचं ॲसिड प्यायलं किंवा बटन सेल गिळला तर?

ॲसिड प्यायलं असेल तर उलटी करवू नका, येताना ते पुन्हा जाळतं. लिंबू किंवा सोडा पाजून उतारा करू नका. तोंड धुवा, पोटात काही देऊ नका आणि बाटली सोबत आणा. तोंडात काही दिसलं नाही म्हणजे अन्ननलिका ठीक आहे असं नसतं.

बटन सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तिथली भिंत जाळू शकतो. मूल वर्षाच्या वरचं असेल, गिळून १२ तास झाले नसतील आणि गिळता येत असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा. मध शोधण्यासाठी थांबू नका. दारात पोचताच ‘सेल गिळलाय, एक्स-रे हवा’ असं सिस्टरला सांगा, नंबर लागायची वाट बघू नका.